एकच भूत, दोन सिनेमे: 'दुविधा', 'पहेली' आणि गोष्ट मोडून सांगणं

रानवाट

विजयदान देथांच्या 'दुविधा' या राजस्थानी कथेवर दोन सिनेमे झाले. मणी कौलांचा 'दुविधा' (१९७३) आणि आपल्या अमोल पालेकरांचा 'पहेली' (२००५). दोन्ही लागोपाठ पाहिले आणि डोक्यातून जात नाहीत, म्हणून हा धागा. पुढे शेवटही सांगणार आहे, ज्यांना नको असेल त्यांनी इथेच थांबावं.

गोष्ट अशी. लग्न लावून परतणारी वरात वाटेत विसाव्याला थांबते आणि झाडावरच्या भुताचा नवरीवर जीव जडतो. नवरा व्यापाऱ्याचा मुलगा, त्याचं सगळं लक्ष हिशोबात. मुहूर्त चुकायला नको म्हणून तो पाच वर्षांसाठी परगावी कमवायला निघून जातो. भूत त्याचं रूप घेऊन घरात शिरतं, पण नवरीला मात्र खरं काय ते सांगून टाकतं. ती त्याला स्वीकारते. पुढे खरा नवरा परत येतो, दोघांतला खरा कोण हा पेच पडतो आणि एक धनगर युक्तीने भुताला चामड्याच्या पखालीत कोंडतो.

कौलांच्या सिनेमात भूत कोंडलं जातं आणि नवरी ज्याच्याशी लग्न लागलं त्याच्याजवळ राहते. पालेकरांच्या सिनेमात भूत शेवटी नवऱ्याच्या शरीरात शिरतं आणि प्रेमिकांची भेट होते.

पण मला फक्त शेवटाबद्दल बोलायचं नाही. 'पहेली' आपल्याला हात धरून नेतो: पात्रांची ओळख, गाणं, अडचण, उत्कंठा, सुटका. 'दुविधा'त निवेदकाचा आवाज एकीकडे चालतो आणि चित्र दुसरीकडे. मधेच चित्र गोठतं. माणसं बोलतात ती एकमेकांशी की आपल्याशी, कळत नाही. भूत आणि नवरा दोन्ही रवी मेनन, आणि दोघांत फरक दाखवायला अभिनयाची कसलीच खूण दिलेली नाही. म्हणजे खरा कोण आणि नकली कोण हा फरकच सिनेमा डळमळीत करतो. उत्तर-संरचनावादी म्हणतात ती मांडणी हीच, असं मला वाटतं. अर्थ एका जागी ठरू द्यायचा नाही, ठरवणाऱ्याची खुर्चीच काढून घ्यायची.

माझं मत 'दुविधा'च्या बाजूने आहे. ही गोष्ट मुळात एका न सुटलेल्या प्रश्नाची आहे आणि तिला सुटलेला शेवट दिला की ती दुसरीच गोष्ट होते. तुम्हाला काय वाटतं?

सोनचाफा

'पहेली' मला फार आवडतो. ते रंग, गुलजारांचे शब्द, राणी मुखर्जीचे डोळे. 'दुविधा' पाहिलेला नाही, आता शोधते.

ठाम_मत

रानवाट, लेख छान. पण मी पूर्ण विरुद्ध बाजूचा.

लोककथा सांगतात ती ऐकणाऱ्यासाठी. ऐकणारा उठून गेला तर कथा मेली. 'दुविधा' मी पाहिलाय, पूर्ण पाहिलाय, आणि प्रत्येक चौकट सुंदर आहे हे मान्य. पण त्या बाईचं दुःख माझ्यापर्यंत पोचूच दिलं नाही. चेहरा दिसतो, मन दिसत नाही. आवाज सांगतो की ती अमुक विचार करत होती. मग मला तिच्याबद्दल वाटायचं कसं?

आणि पालेकरांना मोडतोड जमत नव्हती म्हणून त्यांनी सरळ गोष्ट सांगितली, असं कुणी समजू नये. हा माणूस मुंबईतल्या छबिलदास शाळेत चालणाऱ्या नाटकांच्या काळातल्या प्रायोगिक रंगभूमीवरून आलेला. सिनेदिग्दर्शनाची सुरुवात त्यांनी मराठवाड्यातल्या मानवत गावच्या हत्याकांडावरच्या 'आक्रीत'ने केली. त्यांना सगळं माहीत होतं, आणि तरी त्यांनी गोष्ट सरळ सांगायचं ठरवलं. त्या निवडीचा मान राखायला हवा.

समेवर

ठाम_मत, तुम्ही 'मन दिसत नाही' म्हणता तिथेच मला वेगळं वाटतं.

मणी कौल रुद्रवीणावादक झिया मोहिउद्दीन डागरांकडे ध्रुपद शिकले होते, १९८२ साली त्यांनी 'ध्रुपद' नावाचा माहितीपटही केला. रुद्रवीणेवरची आलापी ऐकताना आपण 'पुढे काय होणार' विचारत नाही. एकाच स्वराकडे दहा वाटांनी येत राहणं हाच तिथला घटनाक्रम. 'दुविधा'तला नवरीचा चेहरा तसाच येत राहतो. दर वेळी तोच, आणि दर वेळी त्याच्या आजूबाजूचं काहीतरी बदललेलं. मला तिचं मन तिथेच ऐकू आलं.

लोलक

शेवटाबद्दल एक गोष्ट कुणी बोललं नाही, म्हणून लिहिते.

'पहेली'चा शेवट स्त्रीच्या बाजूचा आहे असं सगळीकडे म्हटलं जातं. तिला हवा तो पुरुष मिळतो, हे खरं. पण मिळवून कोण देतं? भूत. पखालीतून सुटायचं कसं, कुणाच्या शरीरात शिरायचं, सगळं त्याने ठरवलं. तिच्या वाट्याला आश्चर्याचा आनंद आला. आणि ज्या नवऱ्याच्या देहात भूत शिरलं त्याचं काय झालं, हा प्रश्न आनंदाच्या भरात आपण विचारतही नाही.

पूर्ण कथेत तिला एकदाच कुणीतरी विचारतं. भूत खरं सांगून तिच्यावर निर्णय सोपवतं, तेवढंच. नवरा जाताना विचारत नाही, सासरा विचारत नाही, न्याय करणारा धनगर तर तिला बोलावतही नाही. दोन पुरुषांतला खरा कोण याचा निवाडा चाललाय आणि जिला नक्की माहीत आहे तिची साक्षच नाही! 'दुविधा' ही जखम उघडी ठेवतो. म्हणून तो मला जास्त खरा वाटतो.

चहाची_टपरी

थोडक्यात, आख्ख्या गोष्टीत खरं बोलणारा एकच आणि तो म्हणजे भूत :)

लोलक

चहाची_टपरी, अगदी हेच! आणि त्यालाच कोंडतात.

वाचनवेडा

धाग्यावर 'उत्तर-संरचनावाद' हा शब्द आलाच आहे तर थोडी पार्श्वभूमी देतो, कारण पुढे गोंधळ होतो.

आधी संरचनावाद. लोककथांचा अभ्यासक व्लादिमीर प्रॉपने १९२८ साली रशियन अद्भुतकथा तपासून दाखवलं की त्या सगळ्यांत मिळून ३१च कार्यं आहेत आणि ती ठरलेल्या क्रमाने येतात: नायक घर सोडतो, मनाई मोडतो, मदतनीस भेटतो, शेवटी लग्न आणि राज्य. म्हणजे गोष्टीला सांगाडा असतो. पटकथालेखनाच्या वर्गात आज शिकवतात तो तीन अंकांचा आराखडा याच विश्वासावर उभा आहे.

मग १९६७च्या सुमारास देरिदा, बार्थ वगैरे फ्रेंच विचारवंत मंडळी म्हणू लागली की सांगाडा आहे असं मानणारा कोण? मधोमध बसून अर्थ ठरवणारा कोण? बार्थने तर लेखकाचा मृत्यूच जाहीर केला आणि अर्थ वाचकाच्या हाती दिला. सिनेमात याचा परिणाम असा, की दिग्दर्शक 'हे असं घडलं' म्हणायचं थांबवतो.

आता महत्त्वाचं. घटना उलट्यासुलट्या लावल्या की सिनेमा उत्तर-संरचनावादी होतो हा गैरसमज आहे. 'मेमेंटो' (२०००) मध्ये काळ उलटा चालतो, पण तुकडे जुळवले की बरंचसं चित्र तयार होतं. ती कोड्याची मजा, आणि कोड्याला उत्तर असतं. 'राशोमोन' (१९५०) चार जणांच्या चार साक्षी देतो आणि खरं काय ते सांगत नाही, इथवर तो धाडसी. पण शेवटी लाकूडतोड्या टाकून दिलेलं मूल उचलतो आणि माणुसकीवरचा विश्वास परत येतो. दार बंद होतं, हळुवारपणे. याउलट फ्रेंच दिग्दर्शक रेनेचा 'लास्ट इयर ॲट मारियनबाद' (१९६१). दोघं मागल्या वर्षी भेटले होते की नव्हते? तुकडे कसेही लावा, बसत नाहीत. बागेतल्या त्या प्रसिद्ध दृश्यात माणसांच्या सावल्या पडतात, झाडांच्या पडत नाहीत. जग एकसंध आहे हा भरवसाच काढून घेतलाय.

या मापाने 'दुविधा' कुठे बसतो? माझ्या मते मधे. घटना स्पष्ट आहेत, क्रमही सरळ आहे. मोडली आहे ती घटना आणि ती सांगणारा आवाज यांच्यातली गाठ.

रानवाट

वाचनवेडा, 'गाठ मोडली' हे फार नेमकं. मला जे सांगायचं होतं ते हेच.

ठाम_मत, पालेकरांच्या निवडीचा मान मी राखतोच. माझी तक्रार त्यांनी सरळ सांगितलं याबद्दल नाही, सोडवलं याबद्दल आहे.

पिंगुळीकर

कुडाळजवळच्या पिंगुळीचा असल्याने राहवत नाही.

गोष्ट मोडून सांगणं पॅरिसहून आलं, असं या चर्चेतून वाटतं. आमच्याकडचे ठाकर कलाकार चित्रकथी सांगतात तेव्हा सुट्या कागदांवरची चित्रं एकेक करून पुढे धरतात, वाद्यं वाजत असतात, आणि कथेकरी गातो, बोलतो, पुन्हा गातो. चित्र थांबलेलं, आवाज चालू. 'दुविधा'तलं गोठलेलं चित्र मी पाहिलं तेव्हा मला नवं काहीच वाटलं नाही, घरचं वाटलं. राजस्थानात भोपे (कथा गाणारे पुजारी) लोकदेव पाबूजींची फड, म्हणजे चितारलेला पडदा, समोर लावून गातात, त्या पडद्यावरचे प्रसंगही घडले त्या क्रमाने मांडलेले नसतात. भोपी दिवा धरते आणि भोपा हव्या त्या जागी जातो. देथा त्या मातीतले, आणि कौलांनी संगीतही राजस्थानी लोककलावंतांचंच घेतलं.

दशावतारात तर संवादांची संहिताच नसते. कथानक ठरलेलं, बोलणं त्या रात्री सुचेल तसं. संकासुर येऊन प्रेक्षकांची फिरकी घेतो आणि मग आख्यान सुरू होतं. पहाटेपर्यंत कुणी उठून जात नाही. तेव्हा ठाम_मत, मोडकी मांडणी म्हणजे प्रेक्षक जाणारच, असं नाही.

आणखी एक. 'पहेली'त निवेदन करणाऱ्या कठपुतळ्या आहेत, नसीरुद्दीन आणि रत्ना पाठक शाहांच्या आवाजातल्या. त्याही 'ही गोष्ट आहे बरं का' अशी आठवण देतच असतात. म्हणजे पालेकरांनीही ते साधन वापरलंय. आमच्याकडेही कळसूत्री बाहुल्या आहेत, म्हणून त्या पुतळ्यांकडे माझं जरा जास्तच लक्ष गेलं.

शब्दफुलोरा

पिंगुळीकर +१. कीर्तनही घ्या. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. बुवा क्षणात ध्रुव होतात, क्षणात सुरुची, आणि लगेच बुवा होऊन कालच्या बातमीवर बोलतात. आणि महाभारत? वैशंपायन जनमेजयाला सांगतो, ते सौती नैमिषारण्यात शौनकाला सांगतो. एकात एक डब्या.

वाचनवेडा

पिंगुळीकर, शब्दफुलोरा, दोन्ही प्रतिसाद फार आवडले, पण एक फरक राहतो. कीर्तनात बुवा कितीही वेळा आख्यान मोडोत, शेवटी अर्थ पक्का असतो: नामाचा महिमा. मोडतोड अर्थाकडे नेण्यासाठी आहे. 'मारियनबाद'ची मोडतोड अर्थापासून लांब नेते. रूप सारखं, हेतू उलट.

पिंगुळीकर

कीर्तनाचं खरं आहे. दशावताराचं इतकं सरळ नाही. तिथे राक्षसाचं काम करणारा नट तयारीचा असला तर त्या रात्री गाव राक्षसाच्या बाजूचं होतं. देव जिंकतो, पण टाळ्या कुणाला पडतील ते ठरलेलं नसतं.

कात्री

मी संकलनाचं काम करते, बहुतेक मालिकांचं. एडिटच्या टेबलावरून हा वाद कसा दिसतो ते सांगते.

सरळ कथनाची सगळी ताकद कट लपवण्यात आहे. अ ब कडे बघतो, ब अ कडे बघतो, नजरेची रेषा ओलांडायची नाही, हात उचलला असेल तर पुढच्या शॉटमध्ये तिथूनच सुरुवात. कंटिन्युइटी बरोबर असेल तर प्रेक्षकाला तुकडे दिसतच नाहीत, गोष्ट दिसते. मालिकेत तर आम्ही प्रत्येक धक्क्यानंतर खोलीतल्या प्रत्येकाची रिॲक्शन लावतो, म्हणजे प्रेक्षकाला काय वाटायला हवं यात शंकाच राहू नये. हे कसब आहे आणि मी त्याचा आदर करते, पोट त्यावर आहे.

कौल नेमकी तीच रिॲक्शन काढून टाकतात. 'उसकी रोटी'त, म्हणजे त्यांच्या पहिल्या चित्रपटात, त्यांनी छायालेखक के. के. महाजनांबरोबर मुख्यतः दोन भिंगं वापरली: २८ मिमी आणि १३५ मिमी. एकात जवळचं-लांबचं सगळं स्पष्ट, दुसऱ्यात थोडंसंच स्पष्ट आणि बाकी धूसर. आधी वाटतं, एक भिंग प्रत्यक्षासाठी आणि दुसरं बालोच्या मनातल्यासाठी. ती रस्त्याच्या कडेला भाकरी घेऊन नवऱ्याच्या बसची वाट पाहतेय. मग ही वाटणी उलटते, आणि बस खरंच आली की तिच्या मनात आली, हे तुम्ही भिंगावरून ठरवू शकत नाही. व्याकरण शिकवायचं आणि मग ते काढून घ्यायचं. 'दुविधा'तला गोठलेला चेहरा मला याच वाटेवरचा वाटतो. वाट पाहणाऱ्या बाईचा वेळ 'पुढे काय' वर चालत नाही, म्हणून तिथे गोष्टही पुढे सरकत नाही.

ठाम_मत, तुम्हाला वाटायचं कसं असं तुम्ही विचारलंत. तुमच्या वतीने वाटून घेणारी रिॲक्शन तिथे लावलेली नाही. ते काम तुमच्याकडे सोपवलंय.

सोनचाफा

कात्री, किती सुंदर लिहिलंत! आता मालिका बघताना रिॲक्शनच दिसणार मला.

मधलीसुट्टी

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. मराठीत या वाटेवरचं अलीकडचं उदाहरण म्हणजे चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' (२०१४). लोकशाहीर नारायण कांबळेंवर खटला आहे, आणि सिनेमा त्यांना सोडून वकिलांच्या मागे घरी जातो. सरकारी वकीलबाई लोकलने जातात, घरी स्वयंपाक करतात, कुटुंबाबरोबर नाटकाला जातात. शेवटी तर कोर्टाला सुट्टी लागते, खोलीतले दिवे विझतात, आणि आपल्याला वाटतं संपला. मग न्यायाधीश सहलीला गेलेले दिसतात, बाकावर डुलकी घेतात, पोरं ओरडून उठवतात आणि ते एकाला थोबाडीत मारतात. खटल्याचं पुढे काय, सांगतच नाहीत. केंद्रच काढून घेतलंय.

ठाम_मत

'कोर्ट' माझाही अतिशय आवडता, आणि म्हणूनच म्हणतो की त्याला या खात्यात घालू नका. तिथे अर्थ डळमळीत अजिबात नाही. खटला संपत नाही, कारण अशा माणसांवरचे खटले संपत नाहीत. हे वास्तव आहे, आणि ते दिग्दर्शकाला पक्कं माहीत आहे. अपुरा शेवट आणि अनिश्चित अर्थ या दोन गोष्टी वेगळ्या.

'फँड्री'चंही तसंच. जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्यावर येतो. पडदा आणि प्रेक्षक यांच्यातली भिंत फुटते, पण अर्थ इतका स्वच्छ आहे की तो चुकवताच येत नाही. दगड आपल्याला लागलेला आहे.

मधलीसुट्टी

'फँड्री'बद्दल पूर्ण सहमत. 'कोर्ट'बद्दल विचार करतो.

लोलक

'फँड्री'चा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्यांचं म्हणणं आजवर कुणी ऐकलंच नाही, त्यांनी ते पहिल्यांदा मांडताना 'अर्थ कधीच ठरत नसतो' म्हणावं अशी अपेक्षा कशी करायची? अर्थ मोडायची चैन त्यालाच, ज्याच्या बाजूचा अर्थ शतकानुशतकं ठरलेला आहे.

ठाम_मत

लोलकताई, मग हेच त्या नवरीलाही लागू करा! तिचं म्हणणं कुणी ऐकलं नाही असं तुम्हीच वर लिहिलंत. मग निदान एका सिनेमाने तिला हवं ते स्पष्टपणे द्यावं, यात चूक काय? 'पहेली' तेच करतो. हजारो बायकांनी थिएटरात बसून ते पाहिलं. 'दुविधा'ला दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण तो पाहिला किती जणींनी?

रानवाट

ठाम_मत, हा आतापर्यंतचा सगळ्यात अवघड प्रश्न आहे आणि तो टाळणार नाही. पोचणं महत्त्वाचं आहे. पण 'पहेली'त तिला हवं ते मिळतं ते चमत्काराने. सासर तेच राहतं, व्यापार तोच, मुहूर्त पाहून पाच वर्षं जायची रीतही तीच. नवरे सोडून जातात तेव्हा सगळ्यांच्याच नशिबी प्रेमळ भूत नसतं. 'फँड्री'चा स्पष्ट अर्थ मला बेचैन करतो, 'पहेली'चा निश्चिंत करतो. स्पष्टता दोन्हीकडे आहे, पण तिचं काम वेगळं आहे.

लोलक

रानवाट, मी यात एवढंच घालते: मला तिने काही बोलायला हवं होतं. 'पहेली'त तिला प्रेम मिळतं, 'दुविधा'त आपल्याला तिच्या गप्प बसण्याचा अर्थ लावायला मिळतो. धनगरासमोर येऊन 'हा माझा' असं ती दोन्हीकडे म्हणत नाही. तिसरा सिनेमा कुणी केलाच तर तो तिथून सुरू व्हावा.

कात्री

तिसऱ्याचं संकलन मी करणार, आत्ताच सांगून ठेवते. निवाड्याच्या प्रसंगात धनगराच्या आधी तिचा क्लोजअप.

समेवर

रानवाट, पुण्यात असाल तर विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या फिल्म अर्काइव्हच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा. कौलांचे सिनेमे लहान पडद्यावर निम्मे हरवतात. मोठ्या पडद्यावर तो पांढऱ्या भिंतीपुढचा लाल रंग बघताना ठाम_मत यांचं मत बदलेल, अशी माझी खात्री आहे.

ठाम_मत

मोठ्या पडद्यावर नक्की येईन, कळवा. पण मत सांगून ठेवतो: पालेकरांनी मला त्या बाईची काळजी करायला लावली, आणि कौलांनी तिच्याकडे बघायला लावलं. काळजी आधी हवी, असं मी मानतो.

लोलक

आणि मी बघणं आधी मानते. तिच्या आयुष्यात काळजी करणारे पुष्कळ होते, सासऱ्यापासून धनगरापर्यंत. बघितलं एका भुतानेच. कळवा तारीख, मीही येते.